लिटल अंदमानला निघण्याआधी: कुठे जायचं नाही, तिथून सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही ठाण्याचे चौघं: तुम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि पासष्टीचे वडील. वेळासला दोनदा कासवं पाहून आलात. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरची गर्दी नको, म्हणून जानेवारीअखेर आठ दिवसांत थेट लिटल अंदमान करायचं म्हणता. यादीत लेदरबॅक कासव आहे, ओंगे या आदिवासी लोकांची वस्ती आहे, धबधबे, पक्षी आणि प्रवाळ आहेत. आणि विचारता, नियोजन कसं करू?

मी या बेटावर सात वेळा गेलो आहे. पहिल्यांदा एकटा, नंतर चार-सहा जणांचे छोटे गट घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी आधी खोडा, आठाचे दहा-अकरा दिवस करा, आणि मग उरलेल्या गोष्टींसाठी हे बेट भरभरून आहे.

पहिली खोडायची ती ओंगे वस्ती. हे बेट मुळात ओंगेंचंच. १९५७ साली ते आदिवासी राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून पूर्व किनाऱ्यालगत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं वसवली गेली, आणि दक्षिणेला निकोबारींची वस्ती झाली. २०११च्या जनगणनेत बेटावर साधारण १९ हजार माणसं होती, त्यात ओंगे जेमतेम शंभर. डुगाँग क्रीक आणि साउथ बे यांच्या बाजूचा भाग, आणि पश्चिमेचं जवळजवळ सगळं जंगल, आजही राखीव आहे. १९५६च्या आदिवासी संरक्षण नियमावलीप्रमाणे परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकणं गुन्हा आहे, आणि हा परवाना पर्यटनासाठी नसतो. कायदा बाजूला ठेवला तरी शंभर माणसांच्या समाजाला आपल्या सर्दी-खोकल्यापासून आणि कॅमेऱ्यापासून लांब ठेवणं एवढं आपल्याला करता येतंच. हट बे या जेटीच्या गावच्या बाजारात कुणी ओंगे दिसलं तर इतर कुणाकडे पाहाल तसंच पाहा. फोटो नाही, मुलीच्या हातून बिस्किटं देणं नाही. हार्मिंदर बेच्या निकोबारी वस्तीतही बोलावल्याशिवाय जाऊ नका.

दुसरी, लेदरबॅक. ही खोडताना तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, कारण मलाही वाटलं होतं. भारतात हे कासव प्रामुख्याने दोन ठिकाणी अंडी घालायला येतं, ग्रेट निकोबार आणि लिटल अंदमान. इथले त्याचे किनारे म्हणजे वेस्ट बे आणि साउथ बे. दोन्ही राखीव क्षेत्रात. वेस्ट बेला ‘दक्षिण फाउंडेशन’ ही संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधक रीतसर परवानग्या घेऊन हंगामभर तळ ठोकून राहतात, रात्र रात्र किनारा चालतात. त्यांनी २०११ ते २०१४ दरम्यान इथल्या माद्यांना उपग्रह यंत्रं लावली. त्यातल्या काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेला गेल्या, काही आफ्रिकेच्या. एकीने नऊएक महिन्यांत १३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून मोझांबिकच्या बाजूचा समुद्र गाठला. मुलीला ही गोष्ट नकाशा समोर ठेवून नक्की सांगा. पण ते किनारे आपल्यासाठी नाहीत. हट बेला एखादा डोंगीवाला, म्हणजे होडीवाला, कानाशी येऊन म्हणेल, ‘रात को ले चलता हूँ.’ माझ्याकडेही आला होता. तेव्हा मी तरुण होतो आणि नाही म्हणायला मला रात्रभर स्वतःशी भांडावं लागलं. तुम्ही घरूनच ठरवून निघा.

मग कासवं अजिबातच नाहीत का? आहेत, पण दुसऱ्या बेटांवर. मिडल अंदमानात रंगतजवळ धनीनाला आणि उत्तरेला दिगलीपूरजवळ कालीपूर, इथे वनखात्याची अंडी-संवर्धन केंद्रं आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी वनरक्षकांसोबत रीतसर पाहता येतं. येणारी कासवं बहुतेक आपल्या वेळासचीच, ऑलिव्ह रिडले. वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या लोकांनी तुम्हाला जे शिकवलं, म्हणजे विजेरी नको, पुढ्यात जायचं नाही, वाळूत शांत बसायचं, ते तिथे जसंच्या तसं लागू. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंगत-दिगलीपूरला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्याचे काही टप्पे बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, तरी गाड्यांचे ताफे जातात. मी माझे गट त्या रस्त्याने नेत नाही. रंगतला सरकारी जहाज जातं, वेळ जास्त लागतो, पण मन स्वच्छ राहतं. एकाच फेरीत लिटल अंदमान आणि रंगत दोन्ही बसवू नका. या वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरं.

आता जहाज. नियोजनाचा खरा कणा हाच आहे, हॉटेल नव्हे. मुंबईहून विमानाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. तिथून हट बे समुद्रमार्गे साधारण १२० किलोमीटर दक्षिणेला. प्रशासनाच्या जहाजसेवेची जहाजं जातात, वाटेत सहा ते आठ तास. तिकिटं प्रवासाच्या मोजके दिवस आधीच सुटतात आणि पहिला हक्क बेटवासीयांचा असतो, तो असायलाच हवा. त्यांच्यासाठी ही एसटी आहे: पेशंट, परीक्षेला निघालेली मुलं, कोंबड्यांची खुराडी, सगळं याच जहाजात. हेलिकॉप्टरची सेवा आहे, पण तिच्यावर बेत आखू नका. आजाऱ्याची जागा आपण अडवायची नाही.

समुद्र बिघडला की जहाज रद्द होतं, आणि रद्द झालं की कुणाचं काही चालत नाही. माझ्या तिसऱ्या फेरीला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला. आम्ही हट बेला तीन दिवस जास्त अडकलो, परतीचं विमान चुकलं, सहा जणांची तिकिटं नव्याने काढावी लागली. तेव्हापासून मी परतीच्या जहाजाच्या आणि विमानाच्या मध्ये दोन पूर्ण मोकळे दिवस ठेवतो. जहाज वेळेवर आलं तर हे दोन दिवस वाया जात नाहीत, ते कसे वापरायचे ते पुढे सांगतो. वडिलांसाठी खालच्या डेकवर मधोमध बंक मिळतो का पाहा, तिथे हलणं कमी जाणवतं. ओकारीची गोळी जहाज सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. पोटात थोडा कोरडा खाऊ हवा. रिकामं पोट जास्त त्रास देतं.

जानेवारीअखेर हा काळ तुम्ही योग्य निवडला आहे. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस आणि वादळांचा धोका. एप्रिलकडे धबधब्यांचं पाणी रोडावतं. जानेवारीत अजून चांगलं असतं.

तारखा पक्क्या करताना अजून एक गोष्ट पाहा, उधाण आणि भांग, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेजवळची मोठी भरती-ओहोटी आणि अष्टमीजवळची लहान. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, ते गणित वडिलांना ठाऊक असेल. अंदमानात ते चालत नाही, तिथल्या भरतीची वेळ वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक उतरवून घ्या आणि अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दोन दिवस बेटावर मिळतील असं बघा. मोठ्या ओहोटीला खडकाळ किनारा उघडा पडतो आणि त्या दोन-अडीच तासांत मुलीला जे दिसेल ते कुठल्या मत्स्यालयात दिसणार नाही: समुद्रकाकड्या, ठिसूळतारे, डबक्यात अडकलेले छोटे मासे, खडकाच्या कपारीत वेटोळं करून बसलेली काळ्या-निळ्या पट्ट्यांची समुद्री मण्यार. ती विषारी आहे पण स्वभावाने शांत, हात लांब ठेवला की झालं. पायात जाड तळव्याची सँडल हवी, आणि पाय फक्त वाळूवर किंवा उघड्या खडकावर. प्रवाळावर नाही. प्रवाळ हा जीव आहे, २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानात तो मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला होता. जे वाचलं, सावरलं, त्यावर आपण उभं राहायचं नाही.

स्नॉर्केलिंगची हौस मात्र इथे धरू नका. लिटल अंदमानचा पूर्व किनारा लाटांचा आहे, सर्फिंगवाले इथे येतात ते त्यासाठीच. पाणी पोहणाऱ्याला आत ओढतं. बटलर बे हा जेटीपासून १४ किलोमीटरवरचा लांबलचक किनारा पाहताच पाण्यात धावत जावंसं वाटतं. गुडघाभर पाण्याच्या पुढे मुलीला सोडू नका. आणि जिथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते त्या तोंडापासून लांब राहा, विशेषतः संध्याकाळी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर खरोखर आहेत आणि त्या समुद्रातही पोहतात. २०१० मध्ये हॅवलॉकला एक पर्यटक स्त्री अशाच हल्ल्यात गेली. पाटी दिसली तर पाटीचं ऐका, पाटी नसली तर गावातल्या माणसाला विचारा. गावकरी जिथे म्हशी पाण्यात सोडत नाहीत तिथे आपण उतरायचं नाही.

बेटावरची भूगोलाची भाषा सोपी आहे. जेटीपासून उत्तरेला एकच मुख्य रस्ता, आणि पत्ते किलोमीटरनेच सांगतात. ‘आठ किलोमीटरला उतरा’ असं बसवाला म्हणेल. राहायला नेताजीनगरच्या आसपास बांबूच्या झोपड्या आणि साध्या खोल्या मिळतात. सरकारी विश्रामगृहही आहे. वडील आहेत म्हणून मी कमोडची चौकशी आधी फोनवर करायला सांगेन. मला हे एकदा उशिरा सुचलं आणि माझ्या गटातल्या एका काकांना चार दिवस गुडघेदुखी सोसावी लागली. जेवण म्हणजे मासे-भात, डाळ, कधी अंडी. बंगाली घरगुती हातचं असेल तर उत्तमच. शाकाहारी असाल तर चटणी, मेतकूट, भाजणी घेऊन जा. २०२० पासून चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल इथवर पोहोचली आहे, त्यामुळे फोन पूर्वीपेक्षा बरा चालतो, पण पैसे रोखच न्या. ड्रोन घरी ठेवा.

सूर्याचं गणित बदला, यावर सगळा दिवस अवलंबून आहे. घड्याळ आपलंच, पण आपण ठाण्याच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश सरकलेलो असतो. जानेवारीअखेर साडेपाचला सूर्य बुडतो. पहाटे पाचला चहा घेऊन निघालात तर पक्षी मिळतील. आठला नाश्ता करून निघणाऱ्याला ऊन मिळेल.

आणि आता जिथे मला खरं थांबायचं आहे ते, जंगल. व्हाइट सर्फ धबधबा जेटीपासून साडेसहा किलोमीटरवर आहे, तिथे वडीलही सहज येतील. व्हिस्पर वेव्ह लांबचा, जंगलातून चालत जायचा. वनखात्याकडे विचारून, वाटाड्या घेऊनच जा, वडिलांना नको. लोक धबधब्याशी पोहोचतात, फोटो काढतात आणि परततात. तुम्ही वाटेवरच बसा. खरंच सांगतो, एका जागी दीड तास. इथे वाघ-बिबटे नाहीत, माकडंही नाहीत. आपल्या सह्याद्रीत जंगलाची बातमी वानर ओरडून देतं, इथे ती बातमी देणारं कुणी नाही. पहिली वीस मिनिटं वाटतं, सगळं रिकामंच आहे. मग वर गर्जनच्या उंच झाडांच्या शेंड्यात हिरव्या-करड्या मोठ्या कबुतरांचा घुमारा ऐकू येतो, लांब शेपटीच्या पोपटांचा थवा कलकलाट करत निघतो, एखादी मैना शीळ घालते. पायाजवळ पानं हलतात ती शंखातल्या खेकड्यांची रांग असते. आभाळाच्या फटीत पाकोळ्या फिरत असतात. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या बर्न्ट आयलंडच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी चोरीला जात होती, ती सह्याद्री निसर्ग मित्रने रोखली. अंदमानातल्या गुहांमधल्या खाद्य-घरट्यांच्या पाकोळीनेही तेच भोगलं आहे. मुलीला हा धागा सांगा.

एक सकाळ मुद्दाम तेलताडाच्या मळ्यात घालवा. सत्तरच्या दशकात इथे जंगल साफ करून दीड हजार हेक्टरांहून जास्त जागेवर लाल तेलताड लावला गेला. २००२च्या न्यायालयीन आदेशानंतर त्याचा विस्तार थांबला. बसमधून पाहणाऱ्याला तो हिरवागार दिसतो आणि तो खूश होतो. तुम्ही आत उभे राहा, दहा मिनिटं फक्त ऐका, आवाज मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मूळ जंगलाच्या कडेला तेच करा. मुलीच्या वहीत दोन रकाने करून द्या. माझ्या गटातल्या एका नववीतल्या मुलाने मळ्यात चार आवाज लिहिले आणि जंगलाच्या कडेला एकोणीस. त्याला मी काहीच समजावलं नाही, गरजच पडली नाही.

अंदमानखेरीज फारसे कुठे न आढळणारे पक्षी नीट पाहायचे असतील, म्हणजे अंदमान सुतार, अंदमान टकाचोर, अंदमान भारद्वाज, सर्पगरुड आणि घुबडं, तर त्यांच्यासाठी पोर्ट ब्लेअरहून २५-३० किलोमीटरवरचा चिडियाटापू जास्त सोयीचा. ते दोन राखीव दिवस इथेच वापरायचे. दुपारी तीनला पोहोचा, अंधार पडेपर्यंत थांबा. वडिलांना फार चालावंही लागत नाही.

तब्येतीचं. सर्वात जास्त त्रास मगर-सापांचा नाही, वाळूतल्या बारीक माश्यांचा होतो. चावतात तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि खाजवलं की जखमा चिघळतात. ओल्या वाळूवर उघड्या पायाने बसू नका, घोट्यापासून मांडीपर्यंत खोबरेल तेल चोपडा, लांब पायजमा घाला. मलेरिया आहे, त्यामुळे मच्छरदाणी हवीच. गवतातल्या चिगर किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसही अंदमानात आढळतो. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘अंदमानात जाऊन आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. प्रवाळाचा ओरखडा क्षुल्लक समजू नका. माझ्या एका सहकाऱ्याने समजला, पाचव्या दिवशी पाय सुजला आणि परतीच्या जहाजात त्याला उचलून चढवावं लागलं. गोड्या पाण्याने धुवायचं, जंतुनाशक लावायचं, कोरडं ठेवायचं. हट बेला सरकारी दवाखाना आहे, पण वडिलांची रक्तदाबाची औषधं दुप्पट दिवसांची न्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. त्यांना हृदयाचा काही त्रास असेल तर या फेरीत त्यांना चिडियाटापूपर्यंतच न्यावं असं मी स्पष्ट सांगेन. जहाज रोज नसतं.

किनाऱ्यावर कचरा दिसेल, भरपूर. बाटल्यांवरची अक्षरं वाचलीत तर थाई, बर्मी, इंडोनेशियन निघतील. प्रवाहाने वाहून आलेला. तो सगळा आपल्याला उचलता येणार नाही, पण आपला स्वतःचा, अगदी शॅम्पूच्या पुडीपर्यंत, परत मुंबईला आणायचा. बेटावर तो टाकायला जागा नाही, जाळतात किंवा पुरतात. आणि शंख, शिंपले, प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालायचा नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, विमानतळावर सामान तपासतात. शिवाय रिकामा शंख हे कुणाचं तरी पुढचं घर असतं. जंगलात पायाशी रांगणारे ते खेकडे तुम्ही पाहिलेले असतीलच.

एक शेवटचं, लोकांबद्दल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हट बेची बाजारपेठ, जेटी, घरं गेली. ज्या घरी तुम्ही मासे-भात खाल त्या घरात कुणी ना कुणी गेलेलं असू शकतं. आपणहून विचारू नका. रात्री वीज गेल्यावर ओट्यावर बसलात की कधी कधी तेच सांगायला लागतात. ओंगे त्या दिवशी आधीच उंचावर गेले आणि वाचले, हेही तुम्हाला तिथेच ऐकायला मिळेल, बंगाली वळणाच्या हिंदीत.

तर दिवसांची आखणी अशी करा. पहिला दिवस पोचण्याचा आणि जहाजाची खात्री करण्याचा. दुसऱ्या दिवशी जहाज, नसेल तर तिसऱ्या. बेटावर चार पूर्ण दिवस: एक व्हाइट सर्फचा, एक ओहोटीचा, एक मळ्याचा आणि एक जंगलाच्या कडेचा, आणि यातला कुठलाही पावसाने गेला तर जाऊ द्यायचा. मग परतीचं जहाज, चिडियाटापूचे दोन दिवस, विमान. विमानाची तिकिटं काढण्याआधी मनात असलेल्या तारखा इथे कळवा. त्या आठवड्याची उधाणं कोणत्या दिवशी पडतात ते पाहून मी सांगतो.